पडद्यावर लाल, छापून आलं की तपकिरी: कवळ्यातल्या एका डीटीपी टेबलासाठी मॉनिटरची निवड

फोंडा तालुक्यात कवळ्याला घरच्या घरी डीटीपी करणाऱ्या एका वहिनी आहेत. नवरा माझा शाळेतला मित्र, म्हणून वहिनी. लग्न-मुंजीच्या पत्रिका, जत्रेची निमंत्रणं, देवस्थानांचे वार्षिक अहवाल आणि नाट्यस्पर्धांच्या मोसमात स्मरणिका, असं त्यांचं काम चालतं. जुना संगणक पार थकला होता. नवा जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं, बजेट मॉनिटर धरून ८० हजार.

पहिल्याच बैठकीत त्यांनी जी तक्रार सांगितली तिचा संगणकाच्या वेगाशी काही संबंध नव्हता. "भावजी, पडद्यावर छान दिसतं, आणि प्रेसमधून छापून आलं की सगळं काळवंडतं. देवीच्या साडीचा लाल तर पार तपकिरी होतो. प्रेसवाल्याशी दोनदा भांडले. चांगला मॉनिटर घेतला की हे थांबेल ना?"

फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने यादी आधीच तयार ठेवली होती. मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड साधारण २५ हजारांचं, आणि उरलेल्यातून ११ हजारांचा २७ इंची वक्र मॉनिटर: फुल एचडी, व्हीए पॅनेल, १६५ हर्ट्झ, १ मिलिसेकंद, वर 'एचडीआर'चा (उजेड-अंधारातलं जास्त अंतर दाखवण्याचा) शिक्का. खेळायला यादी चांगली होती. वहिनी खेळत नाहीत.

आधी जुन्या पडद्याचं निदान

नवीन काही सुचवण्याआधी मी जुना साडेएकवीस इंची मॉनिटर पाहिला. ब्राइटनेस १०० वर, चित्राचा मोड 'व्हिव्हिड', आणि जोडणी अजून निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने. टेबल असं की बसणाऱ्याच्या पाठीमागे पश्चिमेची मोठी खिडकी, खिडकीबाहेर कुळागर. दुपारनंतर माडा-पोफळींतून गाळून येणारा हिरवट उजेड थेट पडद्यावर. तो उजेड मारून काढायला ब्राइटनेस वाढवत वाढवत शंभरावर गेलेला.

मग मी एक साधी गोष्ट केली. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं आणि शेजारी मॅपलिथोचा कोरा कागद धरला. कागद कागदासारखा दिसत होता, पडदा ट्यूबलाइटसारखा. खिडकीला चादर लावली, मोड 'स्टँडर्ड' केला आणि ब्राइटनेस खाली आणत गेलो. तिशीच्या आसपास पोहोचल्यावर दोन्ही पांढरे एकमेकांच्या जवळ आले. त्यानंतर ज्या पत्रिकेवरून भांडण झालं होतं तिचीच फाइल उघडली. फोटोतला गाभाऱ्याचा भाग पडद्यावरही आता तसाच काळा, जसा छापून आला होता.

"म्हणजे त्या प्रेसवाल्याला मी उगाचच बोलले."

उगाचच. कागद स्वतः उजेड देत नाही, खोलीतला परतवतो. ३०० निटच्या (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) पडद्यावर बसून फोटोचे अंधारे भाग 'बरोबर' केले की ते कागदावर बुडणारच. छपाईच्या कामाला पडदा साधारण ८० ते १२० निटच्या दरम्यान ठेवतात. दुकानात शेजारी शेजारी लावलेले मॉनिटर मात्र सगळे कमाल उजेडावर असतात, आणि गिऱ्हाईक जास्त झगझगणाऱ्याकडे बोट दाखवतं.

एवढं झाल्यावर मास्तरांनी (म्हणजे माझ्या मित्राने) रास्त प्रश्न काढला: मग नवा कशाला, हाच ठेवू की. उत्तर लाल रंगात होतं. जुनं पॅनेल टीएन जातीचं. एकच सपाट लाल चौकोन पूर्ण पडद्यावर पसरला तर वरची कड गडद आणि खालची फिकी दिसे. उभं राहून पाहिलं की सगळाच विटलेला, खुर्चीत खाली सरकलं की काळपट. डोकं हललं की रंग हलतो, अशा पडद्यावर साडीचा लाल ठरवणार कसा? काळवंडण्याचं कारण फुकटात सापडलं होतं. रंगाचं कारण पॅनेलमध्येच होतं आणि त्याला पैसे पडणार होते.

पैसे कुठून आणायचे

ग्राफिक्स कार्डातून. पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि फोटोशॉपमधलं पत्रिकेपुरतं काम यांना प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स पुरतं. सहा कोअरचा रायझेन ५, १६ जीबी रॅम, १ टीबीची वेगवान एनव्हीएमई डिस्क. कार्ड काढून टाकल्यावर मॉनिटरसाठी २५ हजारांच्या आसपास जागा झाली. भाचा हिरमुसला, पण मदरबोर्डावर कार्डाची खाच आहे. पुढे हवं तर बसवता येईल. मॉनिटरला अशी खाच नसते, जो घेतला तो घेतला. माझ्या गिऱ्हाइकांकडे मी पाहतो, एक मॉनिटर सहज दोन संगणक पुरवतो. तरी यादीत तो नेहमी शेवटी येतो, उरलेल्या पैशांत.

आकार आणि पिक्सेल

वहिनी जोडपानं लावतात. ए४ची दोन पानं शेजारी शेजारी म्हणजे ४२ सेंटिमीटर रुंद आणि २९.७ उंच. २४ इंची पडद्याची उंची साधारण २९.९ सेंटिमीटर, पान खऱ्या आकारात उघडलं तर मेनूला आणि खालच्या पट्टीला जागाच उरत नाही. २७ इंचीचा पडदा ५९.७ बाय ३३.६ सेंटिमीटरचा असतो. जोडपान खऱ्या मापात बसतं, वर-खाली चारेक सेंटिमीटर राहतात आणि बाजूला रंगांची पट्टी उघडी ठेवता येते. ३२ इंची त्यांच्या टेबलाला मोठा होता, टेबलाची खोली जेमतेम दोन फूट. म्हणून २७.

आता त्याच २७ इंचांत किती पिक्सेल? इथे देवनागरी मध्ये येते. स्मरणिकेतल्या जाहिरातींत आणि अहवालातल्या देणगीदारांच्या याद्यांत वहिनी ७ पॉइंटपर्यंत खाली उतरतात. भाच्याच्या यादीतल्या फुल एचडी मॉनिटरवर इंचाला ८२ पिक्सेल पडतात, म्हणजे ७ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला उंचीत ८. वेलांटी, रफार आणि अनुस्वार आठ पिक्सेलांत बसवून पाहा. 'सर्वांचं'मधला रफार आणि टिंब मिळून एक ठिपका होतो, आणि प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून टिंब निसटतं. २५६० बाय १४४०, ज्याला क्यूएचडी म्हणतात, त्यात इंचाला १०९ पिक्सेल आणि अक्षराला साडेदहाच्या वर. ४के घेतलं तर १६३, अक्षराला जवळजवळ १६.

मग सरळ ४केच घ्यावं की. मीही बहुतेकांना हल्ली तेच सांगतो. इथे अडलं ते पेजमेकरपाशी. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची. वहिनींचं वर्षानुवर्षांचं काम त्यातच, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत पडलेलं आहे. गेल्या वर्षीचा अहवाल उघडायचा, आकडे बदलायचे, यंदाचा तयार. अर्धा धंदा त्या जुन्या फायलींवर चालतो. २७ इंची ४के पडद्यावर विंडोज सगळं १५० टक्के मोठं करून दाखवतं. नवे प्रोग्रॅम हे समजून घेतात आणि अक्षर रेखीव काढतात. पेजमेकरच्या जन्माच्या वेळी ही भानगडच नव्हती. त्याची खिडकी विंडोज चित्र ताणावं तशी ताणतं आणि अक्षर धुरकट होतं. ताणणं बंद केलं तर मेनू मुंगीएवढे. म्हणजे जास्त पैसे देऊन नेमकं रोजचं काम अंधूक. क्यूएचडी १०० टक्क्यांवर चालतं, काही ताणावं लागत नाही. जुन्या प्रोग्रॅमांवर पोट असलेल्या कुठल्याही डीटीपीवाल्याने ४के घेण्याआधी आपला प्रोग्रॅम त्या पडद्यावर उघडून बघावा. दुकानदार व्हिडिओ लावून दाखवतो, व्हिडिओ सगळीकडेच छान दिसतो.

मास्तरांनी मध्येच "आपला हॉलमधला ४३ इंची टीव्ही लावला तर?" असं विचारून घेतलं. बऱ्याच टीव्हींवर रंगाची माहिती दाबून दाखवली जाते, लाल बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. शिवाय हात लांबवला की टेकेल इतक्या अंतरावर ४३ इंच. विषय तिथेच मिटला.

पॅनेल आणि रंग

वक्र पडदा पानं लावणाऱ्याला नकोच. चौकटीची सरळ रेघ सरळ आहे की पडदा वाकलाय हे डोळ्याला रोज ठरवत बसावं लागतं. व्हीए पॅनेलचा काळा खरोखर काळा असतो, ३००० ला १ किंवा त्याहून जास्त कॉन्ट्रास्ट, सिनेमाला मजा येते. पण बाजूने पाहिलं की गडद छटा बदलतात. आयपीएसचा काळा थोडा राखाडी, साधारण १००० ला १, पण रंग डोक्याबरोबर हलत नाही. साडीच्या लालसाठी आयपीएस. १ मिलिसेकंदात पिक्सेल बदलतो, याचा या कामात काडीचा उपयोग नाही. खोक्यावरचं 'डिस्प्लेएचडीआर ४००' म्हणजे उजेडाचं शिखर ४०० निट. प्रकाशाचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सोय त्या पायरीला सक्तीची नाही. कागदावर एचडीआर छापत नाहीत, तेव्हा पुढे चला.

रंगांचा आवाका हा भाग थोडा उलटा आहे आणि इथे भलेभले चुकतात. जास्त रंग दाखवणारा म्हणजे जास्त चांगला, असं वाटतं. माझ्या यादीत तीन नावं उरली होती: असूस प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही, बेनक्यू पीडी२७०५क्यू आणि डेल अल्ट्राशार्प यू२७२४डी. तिन्ही २७ इंची, क्यूएचडी, आयपीएस. पहिले दोन एसआरजीबी, म्हणजे रंगांचा नेहमीचा प्रमाण आवाका, पूर्ण दाखवतात. डेलचा आयपीएस ब्लॅक जातीचा, कॉन्ट्रास्ट २००० ला १, १२० हर्ट्झ आणि एसआरजीबीहून मोठ्या डीसीआय-पी३चा ९८ टक्के आवाका. कागदावर सर्वांत वरचढ तोच, आणि पडदा म्हणून सुरेखच आहे.

पण जो प्रोग्रॅम रंग-व्यवस्थापन जाणत नाही तो "पूर्ण लाल" एवढंच सांगतो. किती लाल ते पडदा ठरवतो. मोठ्या आवाक्याच्या पडद्यावर तोच लाल जास्त भडक दिसतो. फोटोशॉप प्रोफाइल वाचून सावरून घेतो, जुन्या प्रोग्रॅमांचा भरवसा नाही. म्हणजे साडी एकात एक आणि दुसऱ्यात दुसरी. अशा मॉनिटरवर एसआरजीबीचा मोड लावून आवाका आखडता येतो, मात्र जास्तीचे पैसे देऊन आवाका घ्यायचा आणि रोज तो बंद ठेवायचा, यात हशील काय? ज्या ऑफसेटवर वहिनींचं काम छापतं त्याचा आवाका बऱ्याच रंगांत एसआरजीबीहूनही लहान आहे. मोठ्या प्रिंटरवर फोटो छापून विकणारा कोणी असता तर मी उलट सल्ला दिला असता.

निवड असूसवर आली. एसआरजीबी १०० टक्के, कारखान्यातून निघतानाचा रंगफरक डेल्टा ई २ च्या आत, ३५० निट (त्यांतले शंभर पुरेत), ७५ हर्ट्झ. बेनक्यूला यूएसबी-सी आहे, एका तारेत लॅपटॉप जोडता येतो. वहिनींकडे लॅपटॉप नाही. त्यामुळे तो फरक भावातच राहिला.

मान, चष्मा, वीज

एक गोष्ट मी यादीत वर ठेवली होती ती स्टँडची. वहिनींना प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. अशा चष्म्यात जवळचं भिंगाच्या खालच्या भागातून दिसतं, त्यामुळे मॉनिटर उंच असला की माणूस हनुवटी वर करून बसतो आणि संध्याकाळी मान धरते. जुना मॉनिटर पंचांगांच्या गठ्ठ्यावर चढवून ठेवला होता, नेमकं नको ते. नव्याचा स्टँड खाली-वर होतो, कलतो आणि उभाही फिरतो. वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली आणून दिली. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त मागे-पुढे कलतो. तसा घ्यावा लागला तर पाठीमागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसाची भोकं आहेत का पाहावं, मग वेगळा हात लावता येतो.

टेबल नव्वद अंशांत फिरवून खिडकी डाव्या हाताला घेतली आणि तिला फिकट राखाडी पडदा लावला. हिरवा अजिबात नको, कुळागराचा हिरवा आधीच भरपूर होता. ट्यूब आधीपासून ६५०० केल्व्हिनची होती, ती तशीच ठेवली.

विजेचं गोव्यात सांगायला नको. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की प्लग काढणं हाच इलाज, यूपीएस असला तरी. पण रोजच्या लुकलुकीसाठी यूपीएस हवाच, आणि मॉनिटरची पिन त्याच्यावरच हवी. संगणक चालू आणि पडदा काळा, मग फाइल साठवणार कुठे बघून? हा मॉनिटर ट्यूबलाइटएवढीच वीज खातो. ग्राफिक्स कार्ड नसल्याने ६०० व्हीएचा साधा यूपीएस सगळं निभावतो. पावसाळ्यात काम नसलं तरी दिवसातून तास-दोन तास पडदा चालू ठेवायला सांगितलं आहे, दमट हवा बसून राहत नाही. आणि कोलिनचा फवारा बंद. मॅट थराला कोरडं, मऊ मायक्रोफायबर पुरे.

आणणं आणि तपासणं

ऑनलाइन हजारभर स्वस्त होता. तरी पणजीतल्या दुकानातून घेतला, कारण तिथे खोकं उघडून लावून दाखवायला दुकानदार तयार झाला. गाडीत मागच्या सीटवर उभा ठेवून आणला. मॉनिटर आडवा झोपवू नये, आणि पायलटच्या (दुचाकी टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून मांडीवर तर मुळीच आणू नये. हे करणारे लोक मी पाहिलेत.

दुकानात पाच सपाट रंग पूर्ण पडद्यावर लावले: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा. मेलेला पिक्सेल पांढऱ्यावर काळा ठिपका होऊन दिसतो, अडकलेला काळ्यावर चमकतो. बऱ्याच कंपन्या एखाद-दुसरा पिक्सेल वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून हे बिल व्हायच्या आधी. काळ्या पानावर उजव्या खालच्या कोपऱ्यात पांढुरकी झाक दिसली आणि वहिनी दचकल्या. मान उजवीकडे नेली तर झाक हलली आणि फिकट झाली. ती आयपीएसची स्वाभाविक झळाळी. पाठीमागचा उजेड फटीतून गळत असता तर कुठूनही पाहिलं तरी जागच्या जागी राहिला असता, आणि मी खोकं परत केलं असतं. शेवटी पेनड्राइव्हवर नेलेलं देणगीदारांच्या यादीचं पान खऱ्या मापात उघडलं. वहिनींनी चष्मा सावरून 'श्रीमंत'चा रफार शोधायला सुरुवात केली, मग हसल्या. तिथे रफार नसतो. टिंब मात्र स्पष्ट दिसत होतं.

घरी डिस्प्लेपोर्टने जोडला. व्हीजीएची तार मी बरोबर घेऊन आलो, नाहीतर कुणीतरी ती पुन्हा शोधून काढतं. ओळखीच्या एका फोटोग्राफरकडून रंगमापक मीटर दिवसाच्या बोलीवर घेतला आणि १०० निट, ६५०० केल्व्हिन, गॅमा (मधल्या छटा किती उजळ ते) २.२ वर पडदा बसवला. मीटर आयुष्यात विकत घ्यायची या कामाला गरज नाही. वर्षातून दोनदा मागून आणला तर पुष्कळ.

त्यानंतर

पहिले दोन दिवस वहिनींना पडदा मरगळलेला वाटला. साहजिक आहे, इतकी वर्षं डोळा झगझगाटाला सरावलेला. तिसऱ्या दिवसापासून तक्रार नाही. पुढची जत्रेची पत्रिका छापून आली तेव्हा फोटोतला गाभारा उघडा दिसत होता, समईची ज्योत आणि मागची प्रभावळ वेगळी. साडीचा लाल पडद्याच्या जवळ आला, तंतोतंत नाही. आर्ट पेपरवर जास्त जवळ, मॅपलिथोवर कमी. शाई कागदात जिरते, त्याला मॉनिटर काही करू शकत नाही.

निळ्याचं दुखणं राहिलं. मंडपाच्या जाहिरातीतला गर्द निळा जांभळा छापून आला. सायन आणि मॅजेंटा दोन्ही शंभराच्या घरात असले की ऑफसेटवर जांभळाच होतो, पडद्यावर तो कितीही निळा दिसो. त्यावर उपाय पडद्यात नाही, मॅजेंटा तीसेक टक्क्यांनी खाली ओढण्यात आहे. तेव्हापासून वहिनी गर्द निळ्यात आकडे बघून काम करतात, डोळ्याने नाही.

दुसरी अडचण मला आधीच सांगायला हवी तितकी मोठी वाटली नव्हती, पण रोजची तीच आहे: गिऱ्हाईक मंजुरी देतं ते व्हॉट्सअॅपवर, ओलेड पडद्याच्या फोनवर, उन्हात उभं राहून. "फोनवर जास्त उठून दिसत होतं हो." आता देवस्थानाच्या आणि लग्नाच्या मोठ्या कामांत वहिनी प्रेसकडून त्याच कागदावरचा एक नमुना मागवतात, गिऱ्हाइकाची सही त्यावर घेतात आणि त्याचे पैसे कोटेशनमध्येच धरतात. छोट्या पत्रिका अजूनही फोनवरच पास होतात.

जुना साडेएकवीस इंची टाकला नाही. तो डावीकडे उभा फिरवून ठेवलाय, त्यावर व्हॉट्सअॅप आणि मजकुराची हस्तलिखितं उघडी असतात. टीएन असल्यामुळे उभा केल्यावर त्याचे रंग डाव्या-उजव्या डोळ्याला वेगळे दिसतात, त्यामुळे त्याच्यावर फोटो उघडायचा नाही एवढा नियम आहे. भाच्याने दिवाळीच्या सुट्टीत ग्राफिक्स कार्डाचा विषय परत काढला. मी त्याला यूपीएस आणि एसएमपीएस (संगणकातला वीज पुरवणारा डबा) दोन्ही बदलायचा खर्च काढून दिला आहे.